भागीची जीभ आणि बाबांची नाराजी

मुलुंड (पूर्व),
२२ सप्टेंबर १९८६

चि. सुहास,

माझं अक्षर दिसलं तर तू पाकीट न फोडताच केरात टाकशील, म्हणून वरचा पत्ता मृणालिनीकडून लिहून घेतला आहे. आत मात्र मीच आहे, तुझा दादा. दचकू नकोस. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. गेलं कोणी नाही. जे आधीच गेलेले आहेत त्यांचीच पंचाईत झाली आहे.

परवा द्वितीयेला बाबांचं श्राद्ध झालं. सगळं यथासांग. वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. गुरुजीसुद्धा वेळेवर आले. गोग्रासाचं पान घेऊन मी दरवर्षीप्रमाणे कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळाशी गेलो. तिथे शांताबाई आपली गाय घेऊन बसते. गाईचं नाव भागी. शांताबाईकडून गवताची पेंढी विकत घ्यायची, भागीलाच घालायची, तिच्या पाठीला लावलेला हात कपाळाला लावायचा आणि ऑफिसला पळायचं, ही इथल्या लोकांची रीत. पितृपक्षात तर अख्ख्या गल्लीच्या पितरांचं जेवण तिच्याच तोंडी जातं. या गाईने आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. मागल्या वर्षी तिने गुरुजींचं उपरणं खाल्लं होतं.

तर मी पान पुढे ठेवलं. भागीने वास घेतला, तोंड पानावर नेलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. ती आत घेतलीच नाही! लाळ गळते आहे, जीभ लोंबते आहे, मी हात जोडून उभा, आणि मागे आपापली पानं घेऊन निम्मी गल्ली माझी शोभा बघते आहे. मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. साहेबांनी मला शिव्या घातल्या, पण जीभ कुणी दाखवली नव्हती.

घरी आल्यावर मृणालिनी म्हणाली, "मामंजींचा जीव सुहासवन्संमध्ये अडकलाय. त्यांना बोलवा." मला ते पटलं. तुझं नाव घरात काढायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं खरं. पण वर गेल्यावर माणसाचे विचार बदलत असतील. तेव्हा सर्वपित्रीला, म्हणजे ३ ऑक्टोबरला, तू ये आणि तुझ्या हाताने पान ठेव. एकटीच ये. तुझ्या घरच्या गृहस्थांना उगाच त्रास नको.

तुझा,
दादा


अंधेरी (पूर्व),
२४ सप्टेंबर १९८६

दादा,

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तेवढ्यात दूध उतू गेलं, ते पुसता पुसता परत हसले. अकरा वर्षं मी दारावरच्या पेटीत तुझं पत्र शोधत होते असं नाही, पण पेटी उघडताना हात जरा हळू व्हायचा.

माझ्या घरच्या गृहस्थांना काशीराम धुरी असं नाव आहे. बाबांना ते गिरणीकामगाराचा मुलगा म्हणून नको होते, मासे खाणारे म्हणून नको होते आणि गुरांचे डॉक्टर म्हणून तर अजिबात नको होते. "ढोरांच्या तोंडात हात घालणाऱ्याचा हात धरलास," असं म्हणाले होते. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेल्याचं कळल्यावर मी आले, तर तू दारातच म्हणालास, "आत्ता नको." मी तशीच परत गेले. आणि आता एका गाईने जीभ काढली तर तुला बहीण आठवली! कशीही आठवली तरी आठवली ना, असं म्हणून गप्प बसायला मला आवडलं असतं. पण माझा राग आहे दादा, आणि तो पत्रातून संपणारा नाही.

येते की नाही ते नंतर सांगते. आधी मला त्या भागीबद्दल लिही. जीभ नुसती बाहेर आहे की सुजलीय? हात लावून बघ, मऊ लागते की टणक? घाबरू नकोस, गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती काय चावणार तुला! जबड्याखाली काही फुगलंय का? आणि ती खायला बघते पण खाता येत नाही, असं होतंय का? मी हे का विचारते ते विचारू नकोस. शांताबाईला सांग, तोवर भाताची पेज आणि भिजवलेला कोंडा पातळ करून दे, बादली तोंडाशी उंच धरून. विसरू नकोस हां.

वहिनीला नमस्कार. तिला सांग, तिचं अक्षर अजून तसंच सुंदर आहे.

सुहास


मुलुंड (पूर्व),
२६ सप्टेंबर १९८६

चि. सुहास,

तू सांगितलंस म्हणून केलं. आयुष्यात प्रथमच गाईच्या जिभेला हात लावला आणि नंतर दोनदा अंघोळ केली. जीभ टणक आहे. मृणालिनीच्या पोळपाटाइतकी टणक. जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठीही आहेत. गवत समोर धरलं की ती धडपडते, पण जीभ वळतच नाही, गवत खाली पडतं.

तू हे सगळं का विचारलंस ते मी ओळखलं आहे. तुझ्या सासरकडे कोकणात देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात, त्यातलाच हा प्रकार. जीभ टणक म्हणजे बाबांचा निश्चय टणक. गाठी म्हणजे मनातल्या गाठी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण हे अगदी तंतोतंत जुळतं आहे.

आता गंमत ऐक. भागीने फक्त माझंच पान नाकारलं असतं तर मी गल्लीत तोंड दाखवू शकलो नसतो. पण तिने सगळ्यांचीच नाकारली! त्यामुळे गल्लीची भीतीने गाळण उडाली आहे. पिठाच्या गिरणीचा मालक कुंडलिक. वडील गेल्यावर त्याने धाकट्या दशरथला धंद्यातून बाहेर काढलं होतं. काल त्याने देवळासमोर सगळ्यांच्या देखत गिरणीची किल्ली दशरथच्या हातात ठेवली आणि दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. समोरच्या मीराने आपल्या सासूला मालाडच्या नणंदेकडे चार दिवसांसाठी म्हणून ठेवलं होतं, त्याला दोन वर्षं झाली. तिला रिक्षा करून परत आणलं. तळमजल्यावरच्यांनी माझी शिडी आणून दिली. ती शिडी माझी आहे हे मीच विसरलो होतो. सगळीकडे नुसतं चांगुलपण माजलं आहे. सकाळी दूध आणायला निघालो तर तिघांनी माझी क्षमा मागितली.

वाईट झालं ते शांताबाईचं. पेज, कोंडा ती पाजते आहे, त्यावरच गाय उभी आहे. पण आता तिच्याकडून पेंढी कुणी घेत नाही. देवळातली मंडळी म्हणतात, अशी अपशकुनी गाय दारात नको, अमावस्या झाली की घेऊन जा. कुठे घेऊन जाणार? एक जण तर देवनारच्या कत्तलखान्याचं नाव काढून मोकळा झाला. शांताबाई भागीच्या मानेवर हात ठेवून बसली होती. पदराने एकदा स्वतःचे डोळे पुसायची, एकदा गाईची लाळ. मला वाईट वाटलं. पण पितरांच्या मर्जीपुढे आपण काय करणार?

मी स्वतः मात्र मोठं मन करायचं ठरवलं आहे. सर्वपित्रीला तर येच, भाऊबीजेलाही ये. बाबांसाठी.

तुझा,
दादा


अंधेरी (पूर्व),
रविवार, २८ सप्टेंबर १९८६

दादा,

हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस म्हणजेच माझ्या घरचे गृहस्थ. आधी त्यांना पाणी विचार आणि मग पुढचं वाच.

बाबा तुझ्यावर नाराज नाहीत. असले तरी भागीला त्याचा पत्ता नाही. तिला रोग झालाय. जीभ लाकडासारखी होते म्हणून त्याला लाकडी जीभ म्हणतात. याचे जंतू गुरांच्या तोंडात एरवीही गप्प पडून असतात. तोंडात काही टोचून जखम झाली की तिथून आत शिरतात, मग जीभ सुजते, घट्ट होते, आणि समोर गवत असूनही जनावर उपाशी राहतं. मेंढ्यांनाही होतो, त्यांची जीभ बहुतेक वाचते, पण ओठ आणि गाल गाठींनी भरतात. नशीब, तुमच्या गल्लीच्या पितरांना मेंढी लागत नाही.

टोचलं काय असेल, असं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी उलट मलाच विचारलं, "देवळाजवळची गाय ना? पत्रावळीसकट घालत असतील." डोळ्यांसमोर आलं बघ. श्रावण झाला, गणपती झाले, तुम्ही भाविक लोकांनी नैवेद्याच्या पत्रावळी जशाच्या तशा तिच्यापुढे सारल्या. त्या टाचायला बारीक काड्या असतात. भागीने तुमची भक्ती काड्यांसकट गिळली.

आणि दादा, मी हे तुझं पहिलं पत्र वाचतानाच ओळखलं होतं. इतकी वर्षं जेवताना मी दुसरं काय ऐकते? पण ह्यांना पत्र दाखवलं नाही. वाटलं, गाय बरी झाली की माझं बोलावणंही जाईल. पेज पाजायला सांगून मी माझ्या मनाची समजूत घातली. काल तुझं शांताबाईबद्दलचं पत्र आलं आणि मला माझीच लाज वाटली. ताट वाढता वाढता ह्यांना सगळं सांगितलं. हे हात धुऊन उठले आणि बॅग शोधायला लागले. म्हटलं, अहो, उद्या सकाळी जा, गायसुद्धा आता बसली असेल.

तर आता बोलावणं ठेवायचं की काढून घ्यायचं ते तू ठरव. मी खरं सांगून मोकळी झाले.

सुहास


मुलुंड (पूर्व),
३० सप्टेंबर १९८६

चि. सुहास,

पाणी विचारलं. चहाही विचारला. पण तुझे गृहस्थ म्हणाले, आधी पेशंट. स्कूटरवरून पवईच्या रस्त्याने आले होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले. त्यांनी बाह्या वर केल्या, भागीचा जबडा उघडला आणि कोपरापर्यंत हात आत! सगळी गल्ली "अगं बाई" म्हणाली. शांताबाईने डोळेच मिटले. ते मात्र गाईच्या कानाशी बोलत होते, "भियां नको गो बाय, बरी होतलंस." तिची जीभ तपासली, एक बारीक काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ही घ्या." मला ती कुठे ठेवावी ते कळेना. मग मानेतल्या शिरेत आयोडीनच्या जातीचं काहीतरी औषध हळूहळू सोडलं. तोवर शिंगं मला धरायला लावली होती. शांताबाई एका बाजूला, मी एका बाजूला. भागीने माझ्या शर्टाला लाळ पुसली. तोंडावाटे द्यायची पूड शांताबाईला समजावून दिली, आणि पंगतीत वाढावं तितक्या शांतपणे बॅग आवरली. पैसे विचारले तर हसले.

जाताना बजावून गेले होते की या औषधाने डोळ्यांना पाणी येईल, घाबरू नका. काल सकाळी खरंच भागीच्या डोळ्यांतून धारा! मीराची सासू ओरडली, "पितर रडतायत!" झालं, पुन्हा आरत्या सुरू. मी देवळाच्या पायरीवर उभा राहून औषधाची माहिती दिली. एकानेही ऐकलं नाही. उलट कुंडलिक म्हणाला, "मार्तंडराव, तुमचे वडील सगळ्यात जास्त रडतायत."

पण आज जीभ निम्मी आत गेली आहे! भागीने चार काड्या कोवळं गवत स्वतः ओढून खाल्लं. शांताबाईने मलाच नमस्कार केला, मी तो तुझ्या गृहस्थांकडे पोचवतो आहे. देवळातल्या मंडळींनीही गाय हलवायचं नाव सोडलं. गोग्रास केळीच्या पानावरच आणावा, पत्रावळ चालणार नाही, अशी पाटी मी स्वतः लिहून लावली.

आता दुसरी बाजू. आज भागीला खाताना बघून रोगच होता हे पटल्याबरोबर कुंडलिकने किल्ली परत मागितली. म्हणाला, म्हणजे आमचे आप्पा नाराज नव्हतेच. पण दशरथने तोवर कुलूप बदललं होतं. मीरा सासूला म्हणाली, "आई, मालाडला कधी निघायचं?" सासू म्हणाली, "आता इथून निघेन ती चौघांच्या खांद्यावर." शिडी परत तळमजल्यावर गेली आहे.

माझाही गोंधळ झाला आहे. गाय आजारी होती, तर मग बाबांचं मत कळलंच नाही. नापसंती कळली नाही आणि पसंतीही कळली नाही. तेव्हा मी असा तोडगा काढला आहे: सर्वपित्रीला निरोगी गाईपुढे पुन्हा पान ठेवायचं. तिने खाल्लं तर बाबांची हरकत नाही, तू भाऊबीजेला खुशाल ये. नाही खाल्लं तर मग बघू. हे न्यायाला धरून आहे असं तुलाही पटेल.

तुझा,
दादा


अंधेरी (पूर्व),
१ ऑक्टोबर १९८६

दादा,

नाही पटत.

गाय आजारी पडली तेव्हा बाबांनी मला बोलावलं. गाय बरी झाली, आता बाबा फेरविचार करणार. या सगळ्यात तू कुठे आहेस रे? बाबा होते तेव्हा तू म्हणायचास, बाबांना विचारून सांगतो. बाबा गेले, तरी तू बाबांनाच विचारतोस, आणि तेही गाईमार्फत!

बाबांना मी हवी की नको ते मला माझ्या लग्नातच कळून चुकलंय, त्याला तेवीस वर्षं झाली. त्यांच्यासाठी रडून झालंय माझं. मला तुझं माहीत नाही. तुला, मार्तंडला, मी हवी आहे का? एवढं एक वाक्य तू मला कधी लिहिलं नाहीस. तीन पत्रं आली तुझी. त्यात बाबा आहेत, वहिनी आहे, गल्ली आहे, तुझी शिडीसुद्धा आहे.

मी सर्वपित्रीला येत नाही. भागीने पान खाल्लं तरी येणार नाही, कारण मग ते भागीचं बोलावणं होईल. भागी चांगली आहे, पण ती माझं माहेर नाही.

हे रविवारी दुसरं इंजेक्शन द्यायला येतील. त्याचा आपल्या भांडणाशी काही संबंध नाही, शांताबाईला तसं सांग.

सुहास


मुलुंड (पूर्व),
३ ऑक्टोबर १९८६, सर्वपित्री

सुहास,

तुझं पत्र आज सकाळीच आलं. वाचून रागाने लाल झालो. मृणालिनीला वाचून दाखवलं, तर ती तुझ्या बाजूची निघाली. "बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाली आणि उडीद वाटायला बसली. तरी मी माझं ठरवलेलं सोडलं नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आज वडे तळायला उशीर झाला. मी केळीचं पान घेऊन पोचलो तेव्हा सगळी गल्ली माझ्या आधी उरकून गेली होती, म्हणजे पानं ठेवून झाली होती, माणसं मात्र बघायला थांबली होती. भागी झकास होती. जीभ आत, डोळे कोरडे. तिने कुंडलिकचं पान खाल्लं, दशरथचं वेगळं पान खाल्लं, मीराच्या सासूने स्वतःच्या हाताने भरवलं तेही खाल्लं. शांताबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू पाहिलं मी. सगळ्यांचे पितर तृप्त. राहिले होते फक्त आपले.

मी पान ठेवलं. भागीने वास घेतला. एक मोठा सुस्कारा सोडला. आणि तोंड फिरवून खाली बसली.

शांताबाई लगबगीने म्हणाली, "साहेब, पोट भरलंय हो तिचं. सकाळपासून चालू आहे. हात लावून बघा ना." हात लावायची गरजच नव्हती, पोट ढोलासारखं दिसत होतं. मला कळत होतं. पण कायदा मीच केला होता ना? गाय निरोगी, पान केळीचं, आणि उत्तर नाही. माझ्याच कायद्याने बाबांनी तुला भर गल्लीत दुसऱ्यांदा नको म्हटलं.

खरं सांगतो सुहास, मला असा राग आला की तसा उभ्या जन्मात आला नव्हता. गाईचा नाही. मी पान उचललं आणि मोठ्यांदा म्हणालो, "बाबा, तुम्हाला नको असेल तर राहिलं. मला हवी आहे. माझी बहीण आहे ती, आणि मला तिच्यावाचून करमत नाही. ती भाऊबीजेला येणार, तिचा नवरा येणार. तुम्हाला चालत नसेल तर पुढच्या वर्षी तुम्ही जेवायला येऊ नका."

शांताबाई घाबरून म्हणाली, "अहो साहेब, खरंच पोटच भरलंय तिचं..."

मी म्हटलं, "ते कळलंय मला, बाई. पण मला बोलू द्या."

बोलून झालं आणि पान घेऊन मी घराकडे वळलो. कुंडलिक दारापर्यंत सोबत आला. मला सोडून तो तसाच गिरणीकडे गेला. तिथे दशरथशी काय बोलला ते अजून कळलं नाही. मृणालिनीने दारातच विचारलं, खाल्लं का? मी म्हटलं, नाही. तिचा चेहरा उतरला. मग मी हातपाय धुतले, ते पान पाटासमोर ठेवलं आणि बसून मीच सगळं खाल्लं. असं करतात की नाही, मला माहीत नाही. वडे चांगले झाले होते.

भाऊबीजेला दोघं या. मासे मिळणार नाहीत, एवढं काशीरामना आधी सांगून ठेव. मी वाट बघतो आहे, आणि या वेळी मी कुणालाही विचारलेलं नाही.

मार्तंड